हेडफोनच्या गाद्या

हेडफोनच्या गाद्या : हेडफोनच्या दोन्ही कपांवर बसवलेली मऊ कडी. कानाभोवती बसणारी मोठी आणि कानावर टेकणारी लहान, असे यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. दुकानात ‘कुशन’ किंवा ‘इअरपॅड’ म्हणून मागितली जातात. आत फोम असतो. वर कृत्रिम चामडे, मखमली कापड किंवा क्वचित खरे कातडे. संपूर्ण संचात सर्वांत आधी संपणारा भाग हाच. वायर, बँड, आतले स्पीकर ठणठणीत असताना केवळ गादी सोलली म्हणून चांगला हेडफोन अडगळीत जातो. हे नुकसान सहज टाळता येते.

झिजण्याची कारणे : बहुतेक गाद्यांचे कृत्रिम चामडे म्हणजे कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. पॉलियुरेथेनचे रसायन जर्मनीत ऑटो बायर यांनी 1937 मध्ये मांडले. त्याच्या पॉलिएस्टर प्रकारात एक उपजत दुबळेपणा आहे : हवेतील ओलावा त्याचे रासायनिक बंध तोडतो, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल पुढची मोडतोड वाढवते. घाम, केसांचे तेल आणि उष्णता या क्रियेला हातभार लावतात. म्हणून खोक्यात जपून ठेवलेला, फारसा न वापरलेला हेडफोनही काही वर्षांनी काढला तर कानाला काळ्या खपल्या चिकटतात. दोष वापरणाऱ्याचा नसून मालाचा असतो.

वाशीम जिल्ह्याचे हवामान या मालाला विशेष कठीण. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपुढे जातो; लगेच जूनपासून पावसाळी दमट हवा सुरू होते. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत राहिलेली गादी लवकर जाते. जिल्ह्यातील अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले तासन्‌तास व्याख्याने ऐकतात. त्यांच्या हेडफोनला सतत घाम लागतो. वापरानंतर सुक्या सुती कापडाने गादी पुसणे आणि हेडफोन सावलीत, मोकळ्या हवेत ठेवणे एवढी निगा पुरते. सॅनिटायझर मात्र लावू नये. त्यातील अल्कोहोलने वरचा थर कोरडा पडून भेगा जातात.

आवाजावरील परिणाम : गादी केवळ आरामासाठी नसते. ती कानाभोवतीची जागा हवाबंद करते, आणि बंद हेडफोनमधील खालचे सूर त्या हवाबंदीवरच टिकतात. भेग पडली किंवा फोम दबला की हवा निसटते; तबल्याच्या डग्ग्याचा घुमार पातळ होतो, तर चाटीचा आवाज तसाच राहतो. चष्म्याच्या काडीमुळेही अशीच फट पडते. फोम दबल्याने स्पीकर कानाजवळ येतो आणि वरच्या सुरांचा तोल बदलतो. बाहेरचा गोंगाट दाबणाऱ्या हेडफोनमध्ये तर गोंगाट दाबण्याची यंत्रणाच लुळी पडते. स्पीकर गेला असे समजून दुरुस्तीला आणलेल्या हेडफोनची गादी आधी तपासावी.

बदलण्याची पद्धत : आधी बसवण्याची रीत ओळखावी. अनेक हेडफोनमध्ये गादीच्या मागची पातळ झालर कपाच्या खाचेत ताणून बसवलेली असते. सोनीचा 1991 पासून स्टुडिओत रुळलेला एमडीआर-7506 याच जातीचा. काहींत प्लॅस्टिकची कडी खटक्यांवर बसते, काहींत थोडी फिरवून निघते. ॲपलच्या एअरपॉड्स मॅक्समध्ये चुंबक आहे. स्वस्त हेडफोनमध्ये डबल टेप असते. झालर काढताना एका बाजूने बोटाने उचलत जावे. स्क्रू ड्रायव्हर आत घातल्यास स्पीकरवरचे पातळ आवरण फाटते. नवी झालर तळाच्या खाचेत अडकवून गोल फिरवत चढवावी. शेवटचा भाग घट्ट वाटतो. तिथे घाई केली की शिवण उसवते. डावी-उजवी बाजू आणि मधली फोमची चकती जशीच्या तशी ठेवावी. फेविक्विक वापरू नये. त्याने पुढची बदलणी अशक्य होते.

निवड : गादी लंबगोल असल्यास लांबी व रुंदी दोन्ही मोजून आणि शक्यतो मॉडेलचे नाव देऊन मागवावी. मूळ कंपनीची गादी तालुक्याच्या दुकानात क्वचित मिळते. अकोल्याहून किंवा ऑनलाइन आणावी लागते. स्कूटरच्या सीटचे काम करणारा कारागीर रेक्झिनची गादी शिवून देऊ शकतो, पण जाड रेक्झिन ताणले जात नाही, त्यामुळे खाचेच्या हेडफोनवर ते नीट बसत नाही. सुती खोळ उन्हाळ्यात सुखाची असते. तिच्यातून हवा निसटते, म्हणून व्याख्याने ऐकायला ती उत्तम, संगीताच्या ध्वनिमुद्रणाला नाही. मखमली गादी खपल्या टाकत नाही, धूळ मात्र धरते.

हेडफोन घेतानाच सुटी गादी मिळते का हे विचारावे. अशी माहिती मिळावी म्हणून केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू हे त्यातील एक क्षेत्र आहे. जुन्या गादीचे तुकडे जाळू नयेत. पॉलियुरेथेनच्या धुरात विषारी वायू असतात. नवी गादी डोक्याच्या आकाराला रुळायला काही दिवस लागतात. तोवर आवाज थोडा वेगळा वाटला तरी ती सदोष समजू नये.