खुर्चीवरील आचार्य: रायखेनावचे धन्यवादित हेरमान

ज्युबिलीच्या वर्षीं आपण पूर्वजांचें स्मरण करितों. मंदिर कोणीं बांधिलें, घंटा कोणीं अर्पण केली, याची आदरानें नोंद होते. परंतु ज्यांना मंदिराची पायरीच चढवत नाहीं, त्यांचें स्थान या इतिहासांत कोठें आहे? या प्रश्नाचा विचार करितांना सुमारें एक हजार वर्षांपूर्वींच्या एका संन्याशाचें चरित्र आम्हांस फार बोधप्रद वाटतें.

धन्यवादित हेरमान यांचा जन्म इ. स. १०१३ मध्यें जर्मन देशांतील एका सरदार घराण्यांत झाला. बाल्यापासून त्यांचीं गात्रें आखडलेलीं होतीं. म्हणून लोक त्यांना लॅटिन भाषेंत 'कॉन्ट्राक्टुस', म्हणजे आखडलेला, असें म्हणत. चालणें दूरच, परंतु कूस बदलणेंही त्यांना दुसऱ्याच्या साहाय्यावांचून साधत नसे. बोलही अडखळत उमटत व ऐकणाऱ्यास ते मोठ्या कष्टानें कळत. इ. स. १०२० मध्यें, वयाच्या सातव्या वर्षीं, त्यांना विद्याभ्यासास बसविण्यांत आलें. आणि पुढें कॉन्स्टन्स सरोवरांतील रायखेनाव बेटावरचा बेनेडिक्टाईन मठ हेंच त्यांचें घर झालें.

मठवासीयांनीं त्यांना एका कोपऱ्यांत ठेवून केवळ अन्नवस्त्र पुरविलें असतें, तरी तें दयेचें कृत्य ठरलें असतें. पण ते तेवढ्यावर थांबले नाहींत. त्यांना खुर्चींत बसवून नेत असत. दुर्बळ, वांकड्या बोटांनीं ते लिहीत. आणि त्यांच्या अस्पष्ट बोलांकडे शिष्य कान देऊन बसत. हें वर्णन त्यांचाच शिष्य बेर्थोल्ड यानें लिहून ठेविलें आहे. हेरमान यांनीं ख्रिस्तजन्मापासून इ. स. १०५४ पर्यंतचा इतिवृत्तग्रंथ रचिला. गणित, संगीत आणि ताऱ्यांची उंची मोजण्याचें यंत्र यांवर ग्रंथ लिहिले. ता. २४ सप्टेंबर १०५४ रोजीं ते निवर्तले. इ. स. १८६३ मध्यें रोमनें त्यांच्या धन्यपणास मान्यता दिली.

रोझरीच्या अखेरीस म्हटली जाणारी 'साल्वे रेजिना' परंपरेनें त्यांच्या नांवावर आहे. विद्वानांचें याविषयीं एकमत नाहीं. तथापि ज्यांना गुडघेही टेकतां येत नव्हते, त्यांच्या नांवाशीं ही प्रार्थना जोडण्यांत मागील पिढ्यांस कांहीं विसंगत वाटलें नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

ख्रिस्तसभेचा इतिहास सर्वत्र असाच नव्हता. शारीरिक व्यंगामुळें वेदीवरील सेवा सुरक्षितपणें वा शोभेल अशा रीतीनें करूं न शकणाऱ्यांस इ. स. १९१७ च्या धर्मसंहितेनें याजकपदाचा मार्ग बंद ठेविला होता. १९८३ च्या संहितेंत तें कलम राहिलें नाहीं. कायद्याची अडचण सरली. पायऱ्यांची आणि आपल्या सवयींची अडचण मात्र आपणच दूर करावयाची आहे.

खुर्ची उचलावयास आपल्या धर्मग्रामांत हात कमी पडत नाहींत. परंतु त्या खुर्चींतील बंधुभगिनींस आपण कधीं शास्त्रपाठ वाचावयास, गायनवृंदांत गावयास, मुलांना धर्मशिक्षण द्यावयास बोलावितों काय? त्यांचा शब्द कळेपर्यंत थांबण्याचें धैर्य आपणांपाशीं आहे काय? हेरमान यांना उचलून नेणाऱ्यांचीं नांवें इतिहासानें राखिलीं नाहींत. पण ते नसते तर ते ग्रंथही नसते. तसे वाहक आणि तसे श्रोते होण्याची सद्बुद्धि परमेश्वर या ज्युबिलीच्या वर्षीं आम्हां सर्वांस देवो.