काळूकाठचे तळ

टिटवाळ्यात राहते म्हटले की लोक आधी महागणपतीची चौकशी करतात. हल्ली तिला आणखी एक प्रश्न जोडलेला असतो. "बाई, तुमच्याकडे नदीकाठी तंबू टाकायला जागा आहे का हो? गाडी थेट पाण्यापर्यंत जाते का?" मी कल्याणच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि गाइडच्या मुलींची शिबिरे न्यायचे, म्हणून जुन्या विद्यार्थिनी हा प्रश्न हक्काने माझ्याकडे आणतात. मी सांगते, काठावर पोचलात की आधी वर बघा. करंजाच्या, उंबराच्या फांद्यांत वाळके गवत, फाटके प्लास्टिक, एखादी चिंधी अडकलेली दिसेल. ते तिथे पुराने आणून ठेवले आहे. तुमच्या तंबूचे छत त्या चिंधीच्या खाली येत असेल, तर ती जागा काही महिन्यांपुरतीच तुमची.

काळू माळशेजच्या डोंगरात उगम पावते, मुरबाड तालुका ओलांडून आमच्याकडे येते, भातसेला सोबत घेते आणि पुढे उल्हासला मिळते. टिटवाळ्यात ऊन पडलेले असते तेव्हा माळशेजला कोसळलेले पाणी वाटेत असते. काही तासांनी ते आमच्या काठाला लागते. रुंदे गावाकडे जाणारा नदीवरचा जुना, बुटका पूल पावसाळ्यात पाण्याखाली जायचा, तेव्हा पलीकडच्या गावांचा टिटवाळ्याशी संपर्कच तुटायचा. अशा नदीच्या काठी कोण कोण उतरले, कसे उतरले, हे वाचत आणि विचारत गेले, तेव्हा माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली. तळाची जागा निवडताना पाणी, सावली, वाट हे सगळे बघतात. जाणते लोक त्याबरोबर उठायची तारीखही ठरवून ठेवत.

आमच्या गावाची श्रद्धा अशी की कण्वमुनींचा आश्रम इथेच, काळूकाठच्या रानात होता आणि गणपतीची स्थापना शकुंतलेने केली. कालिदासाने तो आश्रम दूर हिमालयाच्या पायथ्याशी, मालिनी नदीच्या काठी ठेवला आहे. मी त्या वादात पडत नाही. 'शाकुंतला'चे पहिले दोन अंक मात्र मुलींना शिबिराआधी हमखास सांगायचे. दुष्यंताला शोधत त्याचा लवाजमा तपोवनापाशी येतो, बिथरलेला हत्ती आत घुसतो, आश्रमात पळापळ होते. तेव्हा राजा आपल्या माणसांचा तळ तपोवनापासून जरा अंतरावर ठेवायचे ठरवतो. दुसऱ्या अंकात तो शिकार थांबवतो आणि सैनिकांनी आश्रमाला उपद्रव देऊ नये अशी ताकीद देतो. रानात आधीपासून जे राहतात त्यांची सोय आधी, पाहुण्याची नंतर. राजाने पाळलेला हा नियम आठवीतल्या मुलींना पटवायला मला कधी जड गेले नाही.

पोटासाठी या मुलखातून जाणाऱ्यांत लमाण मोठे. नाणेघाटातून मुरबाडमार्गे कल्याण बंदराकडे उतरणारी वाट सातवाहनांच्या काळापासूनची. घाटमाथ्यावर आजही कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि दगडी रांजण उभे आहेत. कोकणातले मीठ वर, देशावरचे धान्य खाली, अशी बैलांची ये-जा. तांडा उतरला की गोण्या उतरवून त्यांचीच भिंत रचायची, आत माणसे, बाहेर राखणीला कुत्री. बैलांना पाणी आणि चारा दोन्ही हवे, म्हणून मुक्काम ओढ्या-नदीच्या हाकेवर. पावसाळ्यात घाट निसरडे आणि नद्या दुथडी, त्यामुळे हा सगळा व्यवहार कोरड्या महिन्यांचा. 1 ऑक्टोबर 1855 ला कल्याण ते वाशिंद रेल्वे सुरू झाली, म्हणजे रूळ आमच्या गावावरून गेले. 1863 मध्ये बोरघाट आणि 1865 मध्ये थळघाट गाडीने चढला. मीठ आणि धान्य डब्यांत बसले आणि तांड्यांचे तळ ओस पडले.

सैन्याचे वेळापत्रकही हेच होते. दसऱ्याला सीमोल्लंघन, मृगाआधी परत आणि पावसाळाभर एका जागी छावणी. अशा छावणीबद्दलचे शिवाजी महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळ उतरलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना राज्याभिषेकाच्या सुमारास लिहिलेले. मी ते इतिहास म्हणून वाचायला घेतले आणि शिबिरप्रमुखाची वही म्हणून पुन्हा पुन्हा वाचले. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही गावात शिरून कुणाचे धान्य, कुणाची भाजी, कुणाचे लाकूड ओढून आणाल, आणि रयतेला मोगलापेक्षा तुम्हीच वाईट वाटाल, असे त्यात बजावले आहे. पुढचा भाग तर थेट तंबूत येऊन बसतो. कुणी चूल पेटवील, कुणी चिलीम ओढील, कुणी रात्री दिवा तसाच ठेवून झोपेल; उंदीर जळती वात तोंडात धरून नेईल, गवताच्या गंज्या पेटतील आणि सगळे घोडदळ चाऱ्याला मुकेल. राज्य उभे करणारा माणूस उंदराचाही हिशेब धरतो. आमच्या शिबिरात निजायच्या आधी चूल पाण्याने विझवून राखेवर हात फिरवायचा नियम होता, तो मी या पत्रावरून घेतला.

ज्याने तारीख चुकवली त्याची गोष्टही आपल्याच राज्यातली आहे. 1700 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला औरंगजेबाचा तळ माण नदीवर खवासपूरला पडला होता. हे गाव आता सोलापूर जिल्ह्याच्या सांगोला तालुक्यात आहे. माण ही दुष्काळी मुलखातली नदी, वर्षातला बराच काळ वाळूच. पावसाळा सरला असे समजून बादशाही लष्कर कोरड्या पात्रात आणि दोन्ही काठांवर पसरले होते. वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि मध्यरात्री पाण्याचा लोंढा छावणीत शिरला. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. गलका ऐकून म्हाताऱ्या बादशहाला वाटले, मराठे चालून आले. तो घाईने उठला, अडखळून पडला आणि त्याचा गुडघा निखळला. तो पाय शेवटपर्यंत नीट झाला नाही. पदरी अनुभवी सरदार होते, तोफा होत्या, लाखो माणसे होती. त्या रात्री कामाला आला असता तो नदीच्या वरच्या अंगाला जाऊन आकाश बघून येणारा एखादा स्थानिक माणूस.

इंग्रजी अमलात तंबू आला तो साहेबाच्या दौऱ्याबरोबर. पाऊस संपला की कलेक्टर, त्याचे हाताखालचे अधिकारी, जंगलखात्याचे लोक गावोगाव फिरायला निघत. जागा ठरलेली असे: गावाबाहेरची आमराई, जवळ विहीर किंवा बारमाही डोह, घोड्यांना मोकळी जागा. तंबूंचे दोन संच ठेवायचे, एकात साहेब राही तोवर दुसरा बैलगाडीने पुढच्या मुक्कामी जाई. ही युक्ती मोगलांची. औरंगजेबाबरोबर काश्मीरला गेलेल्या बर्निए या फ्रेंच प्रवाशाने तिचे सविस्तर वर्णन केले आहे. सकाळी साहेब निघून दुपारी पोचे तेव्हा राहुटी उभी, कनाती ताणलेल्या, मेखा ठोकलेल्या आणि पाणी तापलेले असे. हे सगळे करणारे हात गावचे. गवत, लाकूडफाटा, दूध, कोंबडी, गाड्या, हमाल गावाने पुरवायचे. मोबदल्याचे नियम कागदावर होते; पैसा नेहमी हातात पडेच असे नाही. साहेबाच्या पाठोपाठ सावकार, जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदारही फुकट राबवून घेऊ लागले. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात या वेठीने कळस गाठला होता.

आणि इथे टिटवाळ्याचे नाव मोठ्या इतिहासात येते. जानेवारी 1945 मध्ये किसान सभेचे प्रांतिक अधिवेशन आमच्या गावात भरले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी त्यासाठी जिल्हा पालथा घातला होता. उंबरगाव-तलासरीकडून काही वारली आले, त्यांत माह्या धांगडा होते. वेठ मोडता येते, हे त्यांनी इथे ऐकले आणि गावी नेले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला आणि वारल्यांचा उठाव सुरू झाला. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सारे आहे. भूगोलाची शिक्षिका म्हणून मला त्यातली जागा आणि महिना दिसतो. दूरच्या पाड्यांवरून चालत, गाडीने येणारी माणसे. त्यांना स्टेशन जवळ हवे, मोकळे रान हवे, पाणी हवे आणि उघड्यावर रात्र काढता येईल असा कोरडा महिना हवा. जानेवारीतल्या टिटवाळ्यात हे सगळे होते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या तंबूच्या मेखा ठोकल्या, त्यांच्यासाठी इथला तळ प्रथमच त्यांचा स्वतःचा होता.

त्याच सुमारास जवळच दुसरा तळ उभा होता, तो मात्र उठलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणच्या शेजारी सैनिकांसाठी तात्पुरती छावणी बांधली. नाशिककडचा आणि पुण्याकडचा लोहमार्ग कल्याणला फुटतो, मुंबई बंदर जवळ, उल्हास नदी जवळ. सैन्य उतरवायला याहून सोयीची जागा कुठली! युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे आणले गेले. जवळपास एक लाख माणसे. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. रिक्षावाला आजही "कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार" असेच ओरडतो. काही महिने राहतील अशा सैनिकांसाठी निवडलेल्या जागेवर कायमचे शहर बसले. घर गमावून आलेल्यांना जागा निवडायची मुभा नव्हती. त्यांनी त्या बराकींतून बाजारपेठ उभी केली. नदी मात्र जुन्याच हिशेबाने चालते. 26 जुलै 2005 ला उल्हास आणि वालधुनीने या सगळ्या पट्ट्याला तो हिशेब दाखवला. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले.

जुने वेळापत्रक आजही काटेकोर पाळणारे लोक आमच्याकडे आहेत, ते वीटभट्टीवरचे कातकरी. दिवाळीनंतर बयाणा घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे नदीकाठच्या भट्ट्यांवर येतात. माती तिथली, पाणी तिथले, म्हणून भट्टी काठाला. कुडाच्या, पेंढ्याच्या झोपड्या उभ्या राहतात आणि पावसाआधी उठतात. ही हौसेची वस्ती नव्हे, उचल फेडण्यासाठी केलेली आहे. पण नदीचे ज्ञान त्यांच्याइतके कुणाकडे नाही. शिबिराची जागा ठरवताना मी भट्टीवरच्या बायकांना विचारायचे. पाणी कुठवर चढते, उतार कुठे आहे, रेती उपसल्याने डोह कुठे झाले आहेत, विंचू कुठल्या दगडांखाली असतात, हे त्या हात न थांबवता सांगायच्या. त्यांनी नको म्हटलेल्या ठिकाणी मी मुलींना कधी उतरवले नाही.

आता तंबूंना पुन्हा बरे दिवस आले आहेत. खडवली, वाशिंद, मुरबाडकडे शनिवारी रांगेने रंगीत तंबू उभे राहतात. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले; निजायची, रांधायची सोय असलेल्या गाड्या आणि त्या लावायला वीज, पाणी, शौचालय असलेले तळ, अशी त्यात कल्पना आहे. मला ती आवडली. आमच्या पिढीने सतरंजीवर काढलेल्या रात्री पुढच्यांनी गादीवर काढाव्यात, त्यात वाईट काही नाही. पण जाहिरातींत 'पाण्यापासून वीस पावलांवर' हा गुण म्हणून छापलेला बघते तेव्हा खवासपूर आठवते. वर भातसा धरण आहे. नदी कोरडी दिसत असताना दरवाजे उघडले जाऊ शकतात. पावसाळ्यात खडवलीसारख्या ठिकाणी बुडून मृत्यू होतात, जिल्हा प्रशासन मनाईचे आदेश काढते आणि तरी गर्दी जाते.

खरे तर नवे काही शोधायचे नाही. जलसंपदा खाते नद्यांच्या दोन पूररेषा आखते: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत पक्के बांधकाम करायचे नाही. पंढरपुरातही हे शहाणपण आले. चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या टाकायला न्यायालयाने मनाई केली आणि वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी नदीपलीकडे पासष्ट एकरांचा तळ तयार झाला. शतकांची सवय मोडून वारकरी तिथे उतरले.

मग तंबूवाल्यांना आणि गाडीवाल्यांना तेवढे का जमू नये? निळ्या रेषेच्या आत तंबू चालेल, गाडीही चालेल, कारण दोन्ही हलवता येतात. फक्त परवान्यावर सर्व्हे नंबरच्या शेजारी महिने लिहावेत: दसरा झाल्यावर या, मृगाआधी उठा. सिमेंटचा चौथरा, पक्के शौचालय, विजेचा खांब लाल रेषेच्या बाहेर. तळाच्या वर एका चढाची वाट कायम मोकळी, तिच्यावर गाडी लावायची नाही. आणि तळावर रात्री एक माणूस जागा, ज्याच्या फोनमध्ये धरणावरच्या चौकीचा नंबर आहे आणि जो माळशेजला पाऊस आहे का हे झोपण्याआधी विचारतो. तो माणूस गावचा असावा, शक्यतो भट्टीवर राहिलेला. त्याला त्या कामाचा पूर्ण पगार मिळावा. या गावात वेठीचा प्रश्न 1945 मध्येच निकाली निघाला आहे.