अण्णांचा ट्यूनर

आमच्या घरातला पहिला रेडिओ व्हॉल्व्हचा. बटण फिरवलं की तापायला वेळ घ्यायचा, तोवर सगळे गप्प. त्याला परवाना लागे. पोस्टात पैसे भरायचे, पुस्तकावर तिकिटं चिकटवून घ्यायची. मीडियम वेव्हवर पुणं लागे, पण पावसाळ्यात वीज चमकली की कडकड आणि विहिरीवरची मोटर सुरू झाली की नुसती घरघर. काचबिंदूनं नजर गेल्यापासून अण्णांना रेडिओचाच आधार. पाण्याची पाळी आली की घरात वाद ठरलेला: उसाला पाणी, की अण्णांचं भजन?

हा वाद एफएमनं मिटवला. मीडियम वेव्हमध्ये आवाज लहरीच्या उंचीवर बसून येतो, आणि वीज, मोटर नेमकी ती उंचीच बिघडवतात. एफएममध्ये उंची तीच राहते, कंपनसंख्या बदलते. म्हणून वरची खरखर छाटून टाकता येते. एडविन आर्मस्ट्राँगला अमेरिकेत याचं पेटंट मिळालं 1933 साली. भारतात पहिलं एफएम मद्रासला, 23 जुलै 1977 रोजी. आमच्याकडं ते आलं साताऱ्याला आकाशवाणीचं केंद्र झाल्यावर, नव्वदच्या दशकात.

खिशातले ट्रान्झिस्टरही एफएम पकडत, पण आमचा मळा टेकडीच्या आड. तिथं ते फसफसत. मग थोरल्या दादानं मुंबईच्या चोरबाजारातून जुना सान्सुईचा स्टिरिओ ट्यूनर आणला. जपानातल्या वापरासाठीच्या ट्यूनरचा पट्टा 76 ते 90, आपल्याला हवा 88 ते 108. दादा हुशार, काचेवरचे आकडे वाचूनच त्यानं पैसे दिले. ट्यूनर नुसताच बोलत नाही. ॲम्प्लिफायर गावच्या स्पीकरवाल्याकडनं घेतला. दीड मीटर चपटी वायर परड्यातल्या उंच बांबूला आडवी बांधली आणि फिरवत फिरवत साताऱ्याकडं तोंड केलं.

त्याचं बटण जड होतं, झटका दिला की काटा लांबवर सरकत जाई. स्टेशन नेमकं लागलं की मीटरचा काटा मधोमध येतो. अण्णांना मीटर काय उपयोगाचा? ते कानानंच थांबत. मी वाकून बघावं, तर काटा बरोबर मध्यावर!

पहिल्या संध्याकाळी भजन लागलं. अण्णा म्हणाले, "आज टाळकऱ्याचा हात बी ऐकू येतोय रं." मग थोडं थांबून, "मोटर बंद केली व्हय?"

"न्हाई अण्णा, चालूच हाय."

"मग ऱ्हाऊ द्या चालू."