मोह आपला, दर्जा विदेशी!

कॉकटेल म्हणजे काय, असं 1806 मध्ये अमेरिकेतल्या हडसनच्या एका पेपरला वाचकानं विचारलं. संपादकानं छापलं: दारू, साखर, पाणी अन् कडू अर्क. व्हिस्कीत हेच बर्फासोबत ढवळलं की झालं 'ओल्ड फॅशन्ड'. परवाना काढा, घरी बसून ढवळा. कोणी काही म्हणत नाही.

आता आपल्या तुमसरकडे या. फाल्गुन-चैत्रात मोह टपकतो. फुलं सडवून दारू गाळायची आदिवासींची रीत जुनी. पण 1949 चा दारूबंदी कायदा म्हणतो, विनापरवाना गाळणं गुन्हा. 2022 मध्ये मंत्रिमंडळानं मोहाच्या मद्याला 'विदेशी मद्य' ठरवलं! ढवळणारा शौकीन, गाळणारा आरोपी. मग पहाटे फुलं वेचणाऱ्या बाईच्या पदरात काय, सांगा?