मणका खरंच सरकतो का?

भाताची लावणी सुरू झाली की उमरोळीच्या शिवारात आपण दिवसभर वाकलेल्या असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादीच्या कमरेत उसण भरतेच. मग पायाळू माणसाला शोधायचं आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा. कुणी तेलानं चोळून देतं, कुणी म्हणतं, "मणका सरकलाय, बसवून घे." हल्ली मोबाईलवर मान वळवून कट् आवाज काढणारेही दिसतात. त्या विद्येला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. ती आली कुठून, ते आज सांगतो.

हाडं बसवणारे सगळ्याच मुलखांत होते. आपल्याकडे हाडवैद्य. इंग्लंडात १७३६ च्या सुमारास सारा मॅप नावाची बाई बापाकडून हे काम शिकली आणि एवढी नावारूपाला आली, की एप्सम गावातून बग्गीत बसून लंडनला रोगी बघायला जायची. डॉक्टर तिला नावं ठेवत. पण निखळलेला सांधा बसवणं वेगळं आणि सगळे रोग पाठीतून येतात म्हणणं वेगळं.

ते दुसरं म्हणणं डॅनियल पामर याचं. अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावात तो हात फिरवून रोग बरे करत असे. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यानं हार्वे लिलार्ड नावाच्या, त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या माणसाचा मणका दाबला आणि त्याचं बहिरेपण गेलं, असं त्यानं लिहून ठेवलंय. पुढं त्यानं सांगितलं, की शंभरातले पंच्याण्णव आजार मणका जागचा हलल्यानं होतात. १९०६ साली परवान्याशिवाय उपचार केल्याबद्दल तो तुरुंगातही गेला.

आता गंमत बघा. ऐकण्याची नस मानेतून वा पाठीतून जातच नाही, ती कवटीच्या आत असते. आणि पामरच्या त्या दिवसानंतर दोन महिन्यांच्या आत, ८ नोव्हेंबरला, जर्मनीत राँटजेननं क्ष-किरण शोधले. १९१० मध्ये पामरच्या मुलानंच आपल्या शाळेत ते यंत्र आणलं. पण ज्या बारीक सरकण्यामुळं दमा, मधुमेह, पोटाचे आजार होतात म्हणतात, ते फोटोत खात्रीनं दाखवता आलेलं नाही. आपल्याकडे "बेंबी सरकली" म्हणतात, तसंच हे. दुखणं खरं असतं, कारण मात्र भलतंच सांगितलं जातं. तो कट् आवाजही हाड जागेवर बसल्याचा नसतो. बोटं मोडताना येतो तसाच, सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा होण्याचा असतो.

मग सगळंच खोटं का? नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीबद्दल सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आहे, मालीश आहे, आणि जाणकारानं हातानं मणक्याची हालचाल करून देणंही आहे. कमरेचा पट्टा मात्र नको म्हटलंय! आपल्यातल्या कितीतरी जणींनी तो विकत घेतलाय.

आम्हाला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. १७७९ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्यानं पाठीला कुबड येऊन पाय लुळे पडणाऱ्या रोग्यांबद्दल लिहिलं. तो मणक्याचा क्षय होता. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू शोधला आणि कारण कळलं. असा पोखरलेला मणका कुणी "बसवायला" गेलं, तर तो मोडू शकतो, पाय जाऊ शकतात. खोकला नसतानाही हा क्षय होतो, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं.

म्हणून पाठ आठवडे न् आठवडे दुखतेय, रात्री जास्त दुखते, ताप येतो, वजन उतरतंय, तर कुणाला पाठ दाबू देऊ नका, आधी सरकारी दवाखाना गाठा. क्षयाची तपासणी आणि औषधं तिथं फुकट आहेत. पाय बधिर झाले, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. मान झटक्यानं फिरवून घेऊ नका. क्वचित का होईना, मेंदूला रक्त नेणारी नळी त्यानं फाटते. साधी उसण बहुतेकदा थोड्या दिवसांत आपोआप उतरते. तोवर अंथरुणाला खिळू नका, हळूहळू हिंडत राहा, शेक घ्या, आणि जड हंडा दुसरीला उचलू द्या. सासूबाई रागावल्या, तर त्यांनाही हा कार्यक्रम ऐकवा.