एग्मोरची शिल्पे वर्गातील पडद्यावर

चेन्नईतील एग्मोर येथील शासकीय वस्तुसंग्रहालयाची स्थापना १८५१ साली झाली. तेथील चोळकालीन कांस्यमूर्ती आणि अमरावती स्तूपाची शिल्पे पाहण्यासाठी सहल काढणे महाराष्ट्रातील फारच थोड्या शाळांना शक्य होते. छायाचित्रे, चित्रफिती आणि संगणकीय प्रतिमांच्या साहाय्याने मात्र असा वारसा वर्गात आणता येतो.

दूरच्या कलाकृतीचे असे दर्शन ही वाटते तितकी नवी गोष्ट नाही. प्रख्यात फ्रेंच शिल्पकार ओग्युस्त रोदँ यांनी भारत कधीच पाहिला नव्हता. तरीही एग्मोर संग्रहालयातील, तिरुवालंगाडू येथे सापडलेल्या नटराजाच्या छायाचित्रांवरून त्यांनी शिवाच्या नृत्यावर लेख लिहिला. त्यांच्या निधनानंतर, १९२१ साली तो प्रसिद्ध झाला.

अमरावतीच्या बाबतीत तर पडदा प्रत्यक्ष भेटीच्याही पुढे जातो. आंध्र प्रदेशातील या बौद्ध स्तूपाचे वॉल्टर एलियट यांनी १८४५ साली उत्खनन केले. त्यांना मिळालेली शिल्पे आधी मद्रासला आली आणि १८५९ साली लंडनला रवाना झाली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढील उत्खननांतील अनेक शिल्पे एग्मोरला आहेत, तर काही अमरावतीतच राहिली. एकाच स्तूपाचे हे विखुरलेले भाग शेजारी ठेवून पाहणे केवळ प्रतिमांद्वारेच शक्य आहे. ते असे का विखुरले, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न इतिहासाच्या तासाला टाळता येण्यासारखा नाही.

भारतातील संग्रहांच्या संगणकीय नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' ही प्रणाली विकसित केली. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील दहा संग्रहालयांसाठी २०१४ साली सुरू झालेले संकेतस्थळ तिच्याच आधारे उभे राहिले. एग्मोरचे संग्रहालय तामिळनाडू शासनाचे असल्याने त्या दहांत त्याचा समावेश नव्हता.

वर्गात एका तासाला एकच कलाकृती पुरेशी ठरते. पन्नास चित्रे झरझर दाखवल्यास एकही लक्षात राहत नाही. नटराजाचे नाव किंवा माहिती सांगण्यापूर्वी मुलांना दोन मिनिटे नुसते पाहू द्यावे. हात किती, कोणत्या हातात काय, पायाखाली कोण, हे त्यांनीच शोधावे. तिरुवालंगाडूच्या नटराजाभोवतीची प्रभावळ आज उरलेली नाही. ही उणीव एखाद्या चौकस विद्यार्थ्याच्या नजरेस नक्कीच येईल. इंटरनेटचा भरवसा नसल्यास प्रतिमा आदल्या दिवशीच उतरवून घ्याव्यात.

पडद्यावर वजन आणि आकारमान मात्र हरवते. बोटाएवढी मूर्ती आणि भिंतीएवढा शिलापट्ट तेथे सारखेच दिसतात. त्यामुळे कलाकृतीची खरी उंची फळ्यावर खडूने आखून दाखवणे उपयुक्त ठरते. शिवाय चोळकालीन उत्सवमूर्ती मिरवणुकीसाठी घडवल्या जात. खांद्यावरून वाहून नेताना दांडे अडकवता यावेत, म्हणून त्यांच्या पीठाला कड्या किंवा भोके ठेवलेली असतात. समोरून घेतलेल्या एकाच छायाचित्रात ती सहसा नीट दिसत नाहीत.