झोपड्या मोजणारं राज्य आणि वह्या वाचणारं राज्य

तत्त्वज्ञानाचा मास्तर करवसुलीवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण कर म्हणजे नुसता हिशेब नव्हे. राज्याला कोणाकडून मागता येतं आणि कोणाकडून येत नाही, हा न्यायाचा प्रश्न आहे. आज आफ्रिकेचं उदाहरण घेऊ.

वसाहतींच्या काळात तिथं झोपडीपट्टी होती. म्हणजे वस्ती नव्हे, झोपडीवरचा कर! सिएरा लिओनमध्ये १८९८ साली या करावरून बाई बुरेह यांच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला. ही वसुली सोपी होती. झोपड्या मोजायच्या आणि पैसे घ्यायचे. पुढे स्वातंत्र्य आलं. पण नव्या राज्यांच्या हाती यंत्रणा आली ती हीच, गरिबाचं घर मोजू शकणारी. बड्या कंपनीची वही तिला वाचता येत नव्हती.

झांबियाचंच बघा. तिथल्या मोपानी कंपनीच्या तांब्याच्या खाणींत मोठा वाटा ग्लेनकोर या बहुराष्ट्रीय समूहाचा होता. मोपानी आपलं तांबं स्वित्झर्लंडमधल्या ग्लेनकोरच्याच कंपनीला विकायची. आता घरातल्या घरात विक्री असली, की भाव कोण ठरवणार? भाव कमी दाखवला तर झांबियातला नफा घटतो आणि करही घटतो. याला ‘ट्रान्सफर प्रायसिंग’ म्हणतात. हे सिद्ध करायचं, तर त्याच मालाचा बाहेरचा भाव, करारातल्या अटी, जोखीम कोणाची, हे सगळं तपासावं लागतं. ते येणारी माणसं करखात्यात मोजकीच. झांबियानं पहिली तपासणी परदेशी सल्लागारांकडून करून घेतली. पण सल्लागार अहवाल देतो आणि विमान पकडतो. खटला वर्षानुवर्षं चालतो, तो आपल्याच माणसांना लढवावा लागतो.

इथं शेजाऱ्यांचा उपयोग होतो. लॅटिन अमेरिकेकडच्या देशांनी १९६७ मध्येच पनामात करप्रशासनांचं केंद्र काढलं होतं. आफ्रिकेतल्या करप्रमुखांची २००८ मध्ये प्रिटोरियात परिषद झाली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये कंपालात ‘आफ्रिकन टॅक्स ॲडमिनिस्ट्रेशन फोरम’ म्हणजे ‘अटाफ’ सुरू झाला. त्याचं कार्यालय प्रिटोरियात आहे. काम अगदी साधं. ज्यानं असं प्रकरण हाताळलंय, त्यानं दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याशेजारी बसून शिकवायचं. कायद्याचे नमुने तयार करायचे. एकमेकांना माहिती द्यायची; त्यासाठीचा करार २०१७ मध्ये अमलात आला. कंपन्या त्याच, युक्त्याही त्याच. मग प्रत्येक देशानं पहिलीपासून का शिकावं?

झांबियाच्या अधिकाऱ्यांनाही अशी मदत मिळत गेली. मे २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मोपानीचं अपील फेटाळलं. रक्कम सुमारे २४ कोटी क्वाचा, म्हणजे १.३ कोटी डॉलर. तपासणी झाली होती २००६ ते २००९ या वर्षांची. म्हणजे निकालाला दशक लागलं! तरीही आपल्या खात्याला हे जमतं, हा विश्वास त्या रकमेपेक्षा मोठा आहे, असं मला वाटतं.

मात्र भाबडेपणा नको. हेच शेजारी गुंतवणूक ओढण्यासाठी एकमेकांपेक्षा जास्त करसवलती देतात. सकाळी प्रशिक्षणात एकत्र बसायचं आणि दुपारी एकमेकांचा पाया खणायचा! शिवाय तयार झालेला अधिकारी दुप्पट पगारावर त्याच कंपन्यांच्या सल्लागारांकडे जातो. यावर प्रशिक्षण हा उपाय नाही. तिथं राजकीय निर्णयच हवा.

तो घेण्याची इच्छा दिसते आहे. आफ्रिकी गटाच्या पुढाकारानं नोव्हेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत करसहकार्याच्या जागतिक कराराचा ठराव १२५ विरुद्ध ४८ मतांनी संमत झाला. भारतानंही बाजूनं मत दिलं. श्रीमंत देश बहुतेक विरोधात होते. वाटाघाटींच्या टेबलावर आता नियम लिहिले जातील. तिथं बसायला वह्या वाचता येणारी माणसं लागतील, आणि ती शेजाऱ्यांच्या मदतीनंच तयार होत आहेत.

इथं थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ या.